गोचीड, माकड आणि गाय

लहानपणी आमच्या घरी शेळ्या होत्या. संध्याकाळी आई त्यांच्या कानांतले गोचीड वेचायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायची. पुढे कविता लिहू लागलो तेव्हा सावकारासाठी मी हाच शब्द वापरला. एकदा चिकटला की एकाच अंगाचे रक्त पीत राहणारा जीव, अशी माझी समजूत होती. क्यासनूरची हकिगत वाचली आणि ती समजूत गेली.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संशोधक तिथे पोहोचले. १९५२ मध्ये स्थापन झालेली हीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. भारतात कधीच न आलेला पीतज्वर तर हा नव्हे, अशी आधी धास्ती होती. पण निघाला एक नवाच विषाणू, आणि त्याचे वाहन होते गोचीड.

त्या जंगलातला हा गोचीड जन्मात तीन घरी जेवतो. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पाखरे यांच्यावर पोसतात. पोट भरले की खाली पडतात आणि कात टाकतात. मग आठ पायांचे, अजून लहानच असलेले गोचीड माकडावर चढतात, किंवा सरपणाला गेलेल्या माणसावर. पूर्ण वाढलेला गोचीड मोठे जनावर शोधतो. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, जमिनीवर उतरते, अंडी घालते आणि मरते.

इथेच गायीचा संबंध येतो. जंगल तोडून शेती वाढली, गुरे रानात चरू लागली. गाय हा विषाणू पसरवत नाही, पण गोचिडाला पोटभर रक्त देते आणि त्याची वीण वाढवते. होर्हे बोशेल या संशोधकाने १९६९ मध्ये हे मांडले. रानात हे जेवण आपणच वाढून ठेवले होते.

२०१६ मध्ये हा माकडताप सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या हंगामात बागेत जाणे टाळता येत नाही, आणि लहान गोचिडांचे दिवसही तेच. जुन्या लसीचा वापर २०२२ मध्ये थांबला. म्हणून रानात माकड मेलेले दिसले, तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. तो माकडाने आपल्याला दिलेला निरोप असू शकतो.