जुन्या बोलपटांची नवी आवृत्ती आणि पडद्यामागचे हात

मंडळी, कीर्तनकार तेच आख्यान दरवर्षी लावतो आणि आपण ते दरवर्षी मांडी घालून ऐकतो. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हरिश्चंद्राने राज्य सोडले, तारामतीला बाजारात उभे राहावे लागले, हे सारे ठाऊक असूनही बुवा त्या जागी आले की डोळे पाणावतातच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' १९१७ साली स्वतःच पुन्हा केला. तेव्हा जुने चित्र कोणी नव्याने काढले एवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही.

अमेरिकेत हा उद्योग गेल्या काही दशकांत फार बोकाळला आहे. १९३३ चा 'किंग काँग' १९७६ साली आणि पुन्हा २००५ साली निघाला, १९८१ चा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' २०१० साली निघाला आणि १९८७ चा 'रोबोकॉप' २०१४ साली. ज्यांनी ही चित्रे कोवळ्या वयात पाहिली, ते आता पोराबाळांचे बाप झाले आहेत. त्यांच्या आठवणींवर तिकिटे खपतात, हे धंदेवाल्यांच्या ध्यानात आले आहे. जुने चांगले की नवे, यावर रसिक तावातावाने भांडतात. तो वाद आम्ही त्यांच्याकडेच सोपवतो. आमचे आयुष्य गेले मस्टर आणि पगारपत्रके चाळण्यात. त्यामुळे चित्र संपून लोक चपला शोधू लागले तरी आम्ही खुर्चीतच बसतो आणि शेवटी सरकत जाणारी बारीक अक्षरातली नावे वाचतो. तिथे आम्हांला एक प्रश्न पडतो. चित्र पुन्हा केले म्हणजे नेमके काय पुन्हा केले?

'किंग काँग' न्यूयॉर्कला लागला २ मार्च १९३३ रोजी. ते दिवस मंदीच्या अगदी तळाचे होते. चारच दिवसांनी नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या साऱ्या बँकांना टाळे लावले. ज्या आर. के. ओ. कंपनीने हे चित्र काढले, तिचाच कारभार दिवाळखोरीपायी जानेवारीपासून न्यायालयाने नेमलेल्या माणसांच्या हाती गेला होता. त्याच मार्चमध्ये हॉलिवूडच्या मालकांनी आठ आठवड्यांपुरती पगारकपात जाहीर केली. मोठ्या पगाराच्या माणसांचा तर पगार निम्मा कापला. सुतार, विजेवाले, पडदे ओढणारे यांची १८९३ पासूनची जुनी संघटना होती. तिने ही कपात धुडकावली. लेखक आणि नट यांच्यामागे तेव्हा तसे बळ नव्हते. त्यांनी ती सोसली आणि त्याच वर्षी आपापल्या संघटना उभ्या केल्या. पोटाला चिमटा बसला की प्रतिभावंतालाही संघटना आठवते!

आता तो अजस्र वानर पाहा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर चढून विमाने झेलणारा हा प्राणी प्रत्यक्षात होता दीड-दोन फुटांचा. आत धातूचा सांगाडा, त्यावर रबर, वर सशाची कातडी. विलिस ओब्रायन हा त्या खात्याचा मुख्य कारागीर. बाहुले घडवणारा मार्सेल डेलगाडो हा मेक्सिकोतून आलेला, किराणा दुकानात राबून चित्रकला शिकलेला तरुण. काम असे की, बाहुल्याचा हात केसभर हलवायचा, एक फ्रेम टिपायची, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा टिपायची. अशा चोवीस फ्रेम झाल्या की पडद्यावरचा एक सेकंद भरतो. हलवणाऱ्याची बोटे सशाच्या केसांत रुतत, आणि म्हणून पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. प्रेक्षकाला वाटावे, जनावर रागाने फुलले आहे! तांत्रिक दृष्टीने हा दोष खरा. आम्हांला मात्र तो मस्टरवरच्या अंगठ्यासारखा वाटतो. इथे एक माणूस कामावर हजर होता, याची ती खूण आहे.

१९७६ च्या आवृत्तीने वानराला तेल शोधणाऱ्या कंपनीच्या जहाजावर घातले. तेलाच्या भावाने जग होरपळत होते, तेव्हा ही सूचना वाईट नव्हती. निर्माते दिनो दे लॉरेंतीस यांनी चाळीस फुटी यांत्रिक वानर बनवून घेतला आणि त्याचा डांगोरा जगभर पिटला. ते धूड चित्रात काही क्षणच दिसते. बाकी सारे चित्र रिक बेकर नावाच्या कारागिराने केसाळ पोशाख अंगावर चढवून, दिव्यांच्या उष्म्यात, स्वतः वानर होऊन ओढले. दृश्यचमत्कारांचे खास ऑस्कर मिळाले तेव्हा त्या मानकऱ्यांत बेकरचे नाव नव्हते. गिरणीत साचा चालवतो कोण आणि बक्षीस घेतो कोण, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

२००५ ची आवृत्ती न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांची. लहानपणी दूरदर्शन संचावर जुना काँग पाहून हा मनुष्य झपाटला होता. त्याने गोष्ट परत १९३३ मध्ये नेली आणि आरंभीच मंदीतले बेकार, फुकट अन्नासाठीच्या रांगा दाखवल्या. अँडी सर्किस या नटाच्या हालचाली आणि चेहऱ्याच्या रेषा टिपून संगणकावर वानर उभा केला. काम उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पाचच वर्षांनी, २०१० साली, याच दिग्दर्शकाच्या 'हॉबिट'च्या वेळी नटांच्या संघटनेने सामुदायिक कराराची मागणी केली. चित्र देशाबाहेर जाईल अशी हूल उठली, आणि न्यूझीलंडच्या संसदेने घाईघाईने कायदा बदलला. चित्रपटात काम करणारा मनुष्य लेखी नोकरीचा करार नसेल तर कामगार नव्हे, ठेकेदार मानावा, असा तो बदल. या लोकांना एकत्र वाटाघाटी करण्याचा हक्क मिळायला २०२२ चा कायदा यावा लागला. १९३३ ची रांग पडद्यावर हुबेहूब उतरली. १९३३ सालची संघटना मात्र कोणाला नको होती.

जुन्या काँगने आणखी एक मनुष्य घडवला, आणि त्याच्याविषयी आम्हांला विशेष आपुलकी आहे. रे हॅरीहाउसेन. लॉस एंजलिसचा हा पोरगा १९३३ साली काँग पाहून आला आणि घरीच बाहुली बनवू लागला. पुढे तो ओब्रायनच्याच हाताखाली 'माइटी जो यंग' (१९४९) या चित्रावर राबला. 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' (१९६३) मध्ये सात सांगाडे तलवारी घेऊन माणसांशी लढतात. पडद्यावर काही मिनिटांचा तो प्रसंग करायला हॅरीहाउसेनला साडेचार महिने लागले. प्रत्येक फ्रेमला सातही सांगाड्यांचे हात, पाय, मान हलवायची, आणि कोणता हात कुठे होता हे डोक्यात ठेवायचे. दिवसाकाठी सुमारे तेरा फ्रेम होत. म्हणजे सकाळपासून दिवे लागेपर्यंत राबून पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद!

'क्लॅश ऑफ द टायटन्स' (१९८१) हे त्याचे शेवटचे मोठे चित्र. ग्रीक पुराणातला पर्सियस, डोक्यावर साप असलेली मेडुसा, समुद्रातला राक्षस. त्यात एक धातूचे घुबड आहे, ब्युबो नावाचे. अथेना देवीने आपले खरे घुबड देण्याचे नाकारले आणि देवांचा लोहार हेफिस्टस याच्याकडून यांत्रिक घुबड करवून घेतले, अशी त्याची कथा. देवांनाही अडचणीत लोहारच आठवतो. २०१० च्या आवृत्तीत प्रवासाला निघताना पर्सियसला सामानात हेच घुबड सापडते. हे काय आहे, असे तो विचारतो. राहू दे ते, असे उत्तर मिळते आणि घुबड बाजूला पडते. प्रेक्षक हसतात. आम्हांला मात्र ते हसू कडू लागले. लोहाराची वस्तू नव्या गोष्टीत फक्त थट्टेपुरती उरली होती.

या दुसऱ्या आवृत्तीची एक हकीकत आपल्या दारापर्यंत येते. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' लागला आणि चष्मा लावून पाहायच्या त्रिमिती चित्रांची तिकिटे चढ्या भावाने खपू लागली. 'क्लॅश' साध्या पद्धतीने चित्रित झाला होता. मालकांनी ऐनवेळी तो त्रिमितीत बदलायचे ठरवले, आणि प्रदर्शन २ एप्रिल २०१० वर नेले. हे काम गेले प्राइम फोकस या मूळच्या मुंबईच्या कंपनीकडे. हाती मोजके आठवडे होते. काम काय, तर फ्रेममधल्या प्रत्येक माणसाची, ढालीची, केसाच्या बटेची कडा रेखून ती वेगळी काढायची, तिला जवळ-दूरचे स्थान द्यायचे, आणि ती सरकल्यावर मागे जे भोक पडते ते रंगवून बुजवायचे. पावणेदोन तासांच्या चित्रात दीड लाख फ्रेम असतात. हॅरीहाउसेनची चिकाटी इथेही लागते, पण त्याच्या हाती साडेचार महिने होते आणि पुढचा सांगाडा कसा उडी मारील हे तोच ठरवत होता. कडा रेखणाऱ्याला तेवढेही ठरवता येत नाही. निकाल व्हायचा तोच झाला. त्रिमितीला जगभर नावे ठेवली गेली, दिग्दर्शकाने पुढे स्वतःच तिच्याबद्दल उघड नापसंती दाखवली. चित्राने मात्र जगभरात चाळीस कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला.

'रोबोकॉप'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९८७ चे चित्र पॉल व्हरहोव्हन यांचे. डेट्रॉइट शहराचे पोलीस खाते एका कंपनीच्या ठेक्यात गेले आहे, शिपाई मरताहेत, आणि कंपनी मेलेल्या शिपायाच्या देहातून यंत्रमानव बनवते. मारधाडीचे चित्र म्हणून लोक ते पाहत, पण त्यात चक्क पोलिसांचा संप आहे! शिपायांच्या खोलीत संपाची बोलणी होतात, आम्ही संप करणारे नव्हे म्हणून हवालदार खवळतो, आणि शेवटी संप होतोच. अशी खोली आम्ही प्रत्यक्षात कितीदा पाहिली असेल! तोच वाफाळता चहा आणि तोच 'आपल्याला हे शोभत नाही' म्हणणारा एक जुना प्रामाणिक मनुष्य. २०१४ च्या आवृत्तीत यंत्रे आहेत, कंपनी आहे, दूरचित्रवाणीवर ओरडणारा निवेदक आहे, तेहरानच्या रस्त्यांवर गस्त घालणारे यंत्रसैनिक आहेत. संप तेवढा नाही. गंमत अशी की, मधल्या काळात, जुलै २०१३ मध्ये, खरे डेट्रॉइट शहर दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभे राहिले आणि निवृत्त शिपायांच्या पेन्शनला कात्री लागण्याची वेळ आली. जे जुन्या चित्रात अतिरंजित वाटे ते शहरात घडत होते, आणि नव्या चित्राला ते सांगावेसे वाटले नाही.

दृश्यचमत्कार बनवणाऱ्या कारखान्यांचा हिशेब कसा चालतो, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. चित्रपट कंपनी काम ठोक भावाने देते. मग दिग्दर्शकाला ढग आवडत नाहीत, सिंहाची आयाळ आवडत नाही. बदल पुन्हा पुन्हा होतात, आणि वाढीव रात्रींचा भार पुष्कळदा कारखान्यावर पडतो. कारखाना तो कामगारावर ढकलतो. शिवाय ज्या देशाचे सरकार करात सूट देईल तिकडे काम उचलून नेतात. रिदम अँड ह्यूज ही लॉस एंजलिसची नावाजलेली संस्था, तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ तिने केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, शेकडो लोक घरी गेले, आणि २४ फेब्रुवारीला त्याच वाघासाठी तिच्या माणसांना ऑस्कर मिळाले. बाहेर रस्त्यावर शेकडो कारागीर निदर्शने करीत होते. व्यासपीठावर मानकऱ्याने संस्थेच्या संकटाचा उल्लेख काढताच वाद्यवृंद वाजू लागला आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. बक्षीस देताना बोलू न देण्याची ही रीत आम्ही कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत पुष्कळ पाहिली आहे. तिथे वाद्यवृंद नसतो इतकेच.

हॅरीहाउसेन ७ मे २०१३ रोजी लंडनमध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मार्व्हल कंपनीच्या नोकरीतल्या दृश्यचमत्कार कामगारांनी संघटनेसाठी गुप्त मतदान केले. ३२ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. ते ज्या संघटनेत दाखल झाले ती १८९३ ची, मार्च १९३३ मध्ये कपात धुडकावणारीच. हे मतदान थेट नोकरीत असलेल्या माणसांपुरते होते. बाहेरच्या कारखान्यांत, गोरेगावच्या इमारतींत रात्रपाळीला बसून परक्या राक्षसांच्या कडा रेखणारी आपली मुले त्या मोजणीत नव्हती. त्यांची नावे शेवटच्या बारीक अक्षरांत असतात, कधी कधी तीही नसतात. अलीकडे चित्रपटगृहांत ती अक्षरे सुरू होताच दिवे लावतात आणि झाडूवाले आत येतात. आम्ही त्यांना थोडे थांबायला सांगतो, आणि तेही आमच्याबरोबर उभे राहून नावे पाहतात.