मूळ गाडी कुठली?

इटलीतल्या ट्यूरिनमध्ये जन्मलेल्या एका गाडीला मुंबईने ‘डुक्कर’ असं नाव ठेवलं होतं. त्यात राग नव्हता. फियाट ११०० ही गाडी १९५४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. गुबगुबीत अंग, पुढे आलेलं नाक, गोलसर पाठ. लोकांना जे दिसलं ते त्यांनी म्हटलं. इटलीत तिला ‘मिल्लेचेंतो’ म्हणायचे, म्हणजे नुसतं ‘अकराशे’. आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ‘डुक्कर फियाट’ म्हटलं की कुठलं मॉडेल ते लगेच कळतं.

या गाडीची पुढची पिढी गेलं दीड वर्ष आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घोड्यांवर उभी आहे. आजोबांची १९७२ ची फियाट. वीस वर्षं ती जागची हलली नव्हती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि शनिवार-रविवार साताऱ्याला जाऊन तिचं काम करतो. ‘रिस्टोरेशन’चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: गंजलेला सांगाडा आत जातो, वीस मिनिटांनी चकाचक गाडी बाहेर येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मूळ रूपात’. प्रत्यक्ष काम सुरू केल्यावर या दोन शब्दांवर मी अडलो. मूळ रूप म्हणजे कुठलं? ट्यूरिनचं, कुर्ल्याचं, की आजोबांच्या मिस्त्रीने तीस वर्षांत घडवलेलं?

याचं उत्तर गाडी इथे कशी आली त्या गोष्टीत आहे.

परवानगी न मिळालेला कारखाना

भारतात मोटार बनवायची हा विचार स्वातंत्र्याच्या आधीचा. पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअर झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात परदेशातले मोटार कारखाने बघून आले आणि इथे तसा कारखाना व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. ते काम प्रत्यक्षात आणायला धडपडले सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजाच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांशी टक्कर घेतलेला हा माणूस. १९३९ मध्ये मोटारीच्या बोलण्यासाठी ते अमेरिकेला निघाले होते. प्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली, आणि त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. म्हणजे मोटारीसाठी निघालेल्या माणसाचा विमानाचा कारखाना आधी झाला!

मोटारीला मात्र ब्रिटिश सरकारने पाठबळ दिलं नाही. युद्ध चालू होतं, आणि भारतात मोटार उद्योग उभा राहण्यात सरकारला रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. क्रायसलरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावं अमेरिकन होती, सुटे भाग बाहेरून येत आणि जोडणी इथे होई.

मग स्वतंत्र भारताच्या सरकारने धोरण बदललं. १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने आणखी पुढचं सांगितलं: नुसती जोडणी चालणार नाही, हळूहळू सगळे भाग इथेच बनवायची ज्यांची तयारी असेल त्यांनीच राहावं. फोर्ड गेली. शिवडीला १९२८ पासून जोडणी करणारी जनरल मोटर्सही गेली. प्रीमियर राहिली, आणि तिने फियाटचा हात धरला. भारतातल्या रस्त्यांना आणि खिशांना मोठी अमेरिकन गाडी झेपणारी नव्हती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं छोटं इंजिन, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे, चार दरवाजे आणि अख्खं कुटुंब मावेल अशी बैठक. हे गणित जमलं.

थांबलेलं घड्याळ

आमच्या गाडीचा आकार हा १९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेल्या ‘११०० डी’चा. लोक तिला ‘डिलाइट’ म्हणून ओळखत. इटलीत फियाटने १९६९ मध्ये ‘११००’ बंदच केली आणि १२८ हे नवं मॉडेल आणलं. इथे मात्र तोच आकार, तेच इंजिन, तोच स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा चालू राहिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचा परवाना संपला. गाडीचं नाव आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’. ट्यूरिनने टाकून दिलेली गाडी कुर्ल्यात शतक संपेपर्यंत बनत राहिली.

याला आपण सहसा हसतो. लायसन्स राज, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहणं, स्पर्धा नाही म्हणून सुधारणा नाही. ते सगळं खरंच आहे. कारखान्यात सुधारणा फारशी झाली नाही. पण कारखान्याबाहेर काय झालं, ते मला शेडमध्ये गाडी उघडायला घेतल्यावर दिसलं.

पत्र्याखालचे थर

सुरुवात इंजिनपासून. वीस वर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम असतं. चावी फिरवायचा मोह आवरावा लागतो, कारण स्टार्टरने जोर लावला तर चिकटलेल्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि दहा दिवस तसंच ठेवलं. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे. तिसऱ्या रविवारी ते पूर्ण एक फेरी फिरलं. टाकीतल्या पेट्रोलचा डांबरासारखा चिकट थर झाला होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे चारही चाकांचे सिलिंडर आतून गंजले होते. ते सगळे बदलले. ब्रेकच्या बाबतीत ‘जुनं ते सोनं’ चालत नाही.

मग रंग. वरचा थर मरून होता, माझ्या लहानपणच्या फोटोतला. पॉलिश पेपरने घासल्यावर त्याखाली क्रीम निघाला. त्याखाली फिकट निळा आणि सगळ्यात खाली तांबडं रेड ऑक्साइड. बाबांनी निळी गाडी पाहिलेली, आत्याच्या लग्नाला क्रीम, मला आठवते ती मरून. एकाच दरवाजावर घरातल्या तिघांच्या तीन गाड्या.

ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर काढला तर तिथे तेलाच्या ड्रमचा पत्रा कापून बसवलेला होता. खालच्या बाजूला छापील अक्षरांचे अर्धे तुकडे अजून दिसत होते. गिअरच्या दांड्याच्या सांध्यात कंपनीच्या बुशऐवजी लेथवर केलेला पितळेचा बुश निघाला. सीटमध्ये काथ्या होता, तोही पुन्हा भरलेला.

नाना पेठेत सुटे भाग शोधताना एक म्हातारे मिस्त्री भेटले. आयुष्याची चाळीस वर्षं फियाट खोलण्यात गेलेली. पितळेचा बुश त्यांनी बोटांत फिरवून पाहिला. म्हणाले, “हा बदलू नका दादा. कंपनीचा मिळेना तेव्हा कुणीतरी बनवलाय. त्यापेक्षा चांगला बनलाय.”

हे वाक्य ऐकल्यावर मी गाडीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. आमच्या धंद्यात जुना कोड वाचताना एखादी विचित्र ओळ दिसते. नवीन मुलगा ती पुसायला जातो आणि सगळं बंद पडतं, कारण त्या ओळीमागे कधीतरी, कुणीतरी सोसलेली खरी अडचण असते. ड्रमचा पत्रा आणि पितळेचा बुश या तशाच ओळी होत्या. गाडी सुधारण्याचं जे काम कारखान्याने सोडलं, ते लेथवाले, डेंटर आणि मिस्त्री करत राहिले. त्याची नोंद कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

टॅक्सीचे उपकार

या सगळ्या ज्ञानाला पैसा पुरवला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. आजोबांसारखा खासगी मालक वर्षातून एकदा ब्रेक लायनर बदलणार. टॅक्सी रोज दिवस-रात्र धावणार, तिचे भाग सतत झिजणार. त्या मागणीवर छोटे कारखाने ऑइल सील, क्लच प्लेट, पॅकिंग बनवत राहिले. दुकानदार माल भरत राहिले आणि मुलं गॅरेजमध्ये याच गाडीवर काम शिकली. साताऱ्यातली एखादी फियाट चालू राहायची ती मुंबईतल्या हजारो टॅक्सींच्या जिवावर.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस हा प्रवास अधिकृतपणे संपला. तेव्हा मोबाइलवर सगळ्यांनी फोटो टाकले, आठवणी लिहिल्या. प्रदूषण आणि सुरक्षितता पाहता त्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्या होत्या. पण त्यांच्याबरोबर मागणी गेली. आता दुकानात उरलेला माल हाच शेवटचा माल आहे. नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींचा मुलगा नव्या गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सरकारी ‘मूळ’

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. आमची गाडी वयात बसते. पण दोन अटी आहेत. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच बाहेर काढायची.

नियम वाईट नाहीत. दुर्मिळ गाड्या वाचवायला ते हवेच होते. पण राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस डोळ्यांसमोर ठेवल्या की ते जितके चपखल बसतात, तितके फियाटवर बसत नाहीत. ही गाडी मोठी झाली तीच रोजच्या वापरातून. तिला फक्त प्रदर्शनापुरतं जिवंत ठेवायचं, तर तिच्या इतिहासातला महत्त्वाचा भाग पुसून टाकावा लागेल.

घरात यावर बराच वाद झाला. बाबांना गाडी निळी हवी होती, शोरूममधून आली तशी, आणि ‘व्हीए’ नंबरही हवा होता. त्यांच्यासाठी ती आजोबांची पहिली गाडी. आई म्हणाली, “उभीच करून ठेवायची होती तर उभीच होती की वीस वर्षं!”

शेवटी ठरलं ते असं. रंग निळा, बाबांच्या आठवणीतला. दरवाजाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा न रंगवता सोडायची, तिथे चारही थर दिसतात. ड्रमचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापला आणि नीट जाडीचा नवा पत्रा वेल्ड केला. पितळेचा बुश राहिला. नोंदणी जुन्याच नंबरावर नूतनीकरण करून घ्यायची, तपासणीत पास होऊन. मग ती महिन्यातून दोनदा वाईपर्यंत जाऊन येईल.

याशिवाय मी एक वही ठेवली आहे. काय काढलं, ते आधी कसं होतं, का काढलं, त्या जागी काय बसवलं, हे प्रत्येकाच्या फोटोसकट. त्या मिस्त्रींकडे आता मी सुट्या भागांसाठी कमी आणि विचारायला जास्त जातो. ते बोलतात, मी रेकॉर्ड करतो: पॉइंटची गॅप हाताला कशी कळते, कुठला बोल्ट आधी आवळायचा, पद्मिनीच्या काळात कुठला भाग हलका झाला.

तुमच्याही गावी आजोळच्या गोठ्यात किंवा काकांच्या बोळात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी उभी असेल. तिला हात लावायच्या आधी फोटो काढा. मग ती शेवटची कुणी दुरुस्त केली होती ते घरात विचारा आणि त्या माणसाला गाठा. पत्रा पुढच्या वर्षीही मिळेल. तो माणूस आत्ता भेटतोय तोवर जाऊन या.