दीनानाथ दलाल : मडगावचा चित्रकार, रायगडाचं चित्र

मागच्या वर्षी ओळखीच्या एका वाचनालयाने जुने दिवाळी अंक रद्दीत काढले. मला कळेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. कोपऱ्यात राहिलेले सहा-सात अंक तेवढे हाती लागले. त्यात तीन 'दीपावली'चे. कागद तपकिरी झालेला, पान उलटलं की कडेचा तुकडा पडतो. पण आतली रेषा अजून ठणठणीत आहे.

त्या रेषेचे मालक दीनानाथ दामोदर दलाल मूळचे आपल्या मडगावचे. जन्म ३० मे १९१६. गोव्यात पोर्तुगीज अंमल. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला खरा, पण मराठी मासिकांचा धंदा होता मुंबईत. चित्रकार व्हायचं तर तिकडे जाणं भाग होतं. दलाल जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९३७ साली पदविका घेतली, पुढे केनेडी ब्रिजजवळ स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ पासून 'दीपावली' काढू लागले. दिवाळी अंकाची प्रथा काही नवी नव्हती. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा अंक १९०९ सालीच काढला होता. इथे फरक एवढाच की चित्रकार स्वतःच मालक आणि संपादक. त्यामुळे चित्र म्हणजे मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेत बसवायची वस्तू राहिली नाही.

मी इंजिनियर, त्यामुळे माझं लक्ष आधी छपाईकडे जातं. त्या काळी चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक करावा लागे. लाइन ब्लॉकमध्ये चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि नको असलेला भाग ॲसिडने खाऊ द्यायचा. उरलेल्या उंचवट्यालाच शाई लागते. म्हणजे एकतर काळं, नाहीतर कोरं. मधलं काही नाही. करड्या छटा हव्या असतील तर हाफटोन, बारीक ठिपक्यांचा. पण कागद खरबरीत असला की ठिपके शाईने बुजतात. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, आणि एक जरी केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जातो!

आता कोल्हापूरच्या धुरंधरांचं (जन्म १८६७) उदाहरण घ्या. तैलरंग, छायाप्रकाश, दरबारातली गर्दी. भिंतीवर ते भव्य दिसतं. तेच मासिकाच्या पानाएवढं केलं की अर्धा तपशील काळोखात बुडतो. दलालांनी ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग आणि भरीव काळा यांवर भर दिला. ब्लॉक थोडा सरकला तरी रेषा चित्र सांभाळून घेते. त्यांच्या शैलीवर बोलताना अजिंठा आणि लघुचित्रांची नावं घेतली जातात, ती बरोबरच आहेत. पण जस्ताच्या पत्र्यालाही थोडं श्रेय द्यावं, असं माझं मत.

ऐतिहासिक चित्रात हीच रेषा शिवकालाला भिडली. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती'तली दलालांची चित्रं कितीतरी घरांत मुलांनी मजकुराआधी पाहिली. इथेच जबाबदारी येते. मजकुराखाली तळटीप देता येते, चित्राखाली 'असे असावे' कोण लिहितो? आधीच्या पिढीच्या चित्रकारांपुढे तर महाराजांच्या चेहऱ्याचाच प्रश्न होता. इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाई. वा. सी. बेंद्रे यांनी डच चित्रावरून खरा चेहरा १९३३ साली पुढे आणला. दलाल त्यानंतर धंद्यात उतरले, म्हणजे निदान चेहऱ्यापुरता त्यांचा पाया पक्का होता.

बाकीच्या तपशिलाचं काय? ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, एका भाल्यावर सोन्याचा तराजू, असं त्याने लिहून ठेवलंय. दारात हत्ती उभे, आणि ते एवढ्या उंच गडावर चढले कसे याचं त्याला नवल वाटलं. राज्याभिषेकाचं कुणाचंही चित्र समोर आलं की मी आधी मासे शोधतो. ही सवय इतरांनीही लावून घ्यावी, मजा येते.

दलालांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांची माणसं फार देखणी. मावळा असो की सरदार, उन्हात रापलेला, पोट खपाटीला गेलेला सहसा दिसत नाही. दिवाळीच्या अंकाला ते शोभतं, इतिहासाला थोडं कमी. तरी मनगटातला जोर आणि उभं राहण्याची ढब त्यांनी अशी पकडली की, तक्रार करतानाही पान उलटवत नाही.

१५ जानेवारी १९७१ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. छापलेला अंक रद्दीत जातो, आणि मूळ चित्र कुठे गेलं हे विचारायला फार उशीर झालेला असतो. माझ्याकडचे तीन अंक स्कॅन करून मंडळाकडे देतोय. कुणाच्या माळ्यावर 'दीपावली'चे जुने अंक असतील तर कृपा करून सेलोटेप लावू नका, ती कागद खाते. साल आणि पान क्रमांक लिहून फोटो पाठवा. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल.