रविवारचा चहा आणि आपला शुक्रवार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मला प्रथम आठवला तो आपला शुक्रवारचा परिपाठ. आठवड्यात मनाला भावलेले काहीतरी, एखादे गाणे, भरतकामाचा नमुना, वाचलेला उतारा, प्रत्येकीने घेऊन यायचे आणि चौघींपुढे ठेवायचे. "हे कसले रिकामपणाचे उद्योग?" असे म्हणणारी माणसे जऊळक्यातही आहेत. त्यांनी पुढील हकीकत जरूर वाचावी.

१९२३ साली पुण्यात काही मंडळी अशीच रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, द. ल. गोखले, नाट्यछटाकार दिवाकर, श्रीधर रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. हेच पुढे गाजलेले रविकिरण मंडळ. माधव जूलियन फारशीचे पंडित. त्यांनी गझल आणि रुबाई मराठीच्या अंगणात आणली. कोणी नवे सुनीत वाचावे, कोणी त्यातला दोष दाखवावा, असे चाले. कविता केवळ छापून न ठेवता ती लोकांपुढे गाऊन म्हणण्याची प्रथा या मंडळींनी रूढ केली. यशवंतांची 'आई' मुलामुलींच्या तोंडी बसली. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून त्यांच्या कवितेची मनसोक्त विडंबने केली. ती वाचून आजही हसू येते, हे कबूल केले पाहिजे.

मला मात्र त्या बैठकीतल्या मनोरमाबाई पुनःपुन्हा आठवतात. एवढ्या पुरुषांत ती एकटी बाई. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा सभेला जाण्यावरून रमाबाई रानडे यांना घरच्या वडीलधाऱ्या बायकांचे किती बोल सोसावे लागले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यानंतर चाळीस-एक वर्षांनी मनोरमाबाई पतीच्या बरोबरीने कवींत बसत होत्या. पण १९२६ साली, तिशीतच त्या गेल्या. मंडळाची अवघी तीन वर्षे त्यांच्या वाट्याला आली. जे लिहून झाले होते, तेवढेच आज आपल्या हाती आहे.

आपल्याकडे लिहिण्याची चाल कमी, म्हणण्याची जास्त. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींना वही लागत नसे. (खिरापत ओळखण्याकडेच अर्धे लक्ष!) म्हणून शुक्रवारी आपल्या एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणू लागल्या, तेव्हा आम्ही नुसत्या ऐकत राहिलो. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंना ओव्या किती येत होत्या, याची मोजदाद कोणी केली नाही. वही आणायचे सुचले ते फार उशिरा. तीन शुक्रवार लिहून झाले आणि चौथ्याला आजी आल्या नाहीत. त्या आठवड्यातच त्या निवर्तल्या.

ती वही मंडळाच्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर भावाला मुऱ्हाळी बोलावणारी एक ओवी अर्धीच राहिली आहे. तिचा पुढचा चरण कोणा भगिनीला ठाऊक असल्यास तिने येत्या शुक्रवारी यावे. वही आणि पेन्सिल तयार ठेवू.