बुडालं तर कुणाचं?

धंदा कुणाच्या नावावर आहे, हे सहसा सीए विचारतो. इतिहास वाचताना मला तोच प्रश्न जरा वेगळा विचारावासा वाटतो: बुडालं, तर कुणाचं बुडतं? नंदुरबार ते शहादा एवढ्या टापूत याची जवळजवळ सगळी उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर रुळांवर आहे. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरला जाणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. ती एका कंपनीची होती. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने वाट करून दिली होती. रेल्वे तोट्यात गेली तर भागधारकाचे शेअरमध्ये घातलेले पैसे जाणार, पण त्याच्या घरादाराला कुणी हात लावणार नाही. एक भाग कोसळला तरी बाकीची यंत्रणा चालू राहावी म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले मध्ये भिंती घालतो. ही तशीच, कायद्याने घातलेली भिंत.

त्याच रुळांलगत राबणाऱ्या भिल्ल शेतकऱ्याला अशी भिंत नव्हती. एकल मालकीत मालक आणि धंदा कायद्याला वेगळे दिसत नाहीत. निर्णय आपला, नफा आपला, आणि कर्जही पूर्ण आपलंच. सावकारही बहुधा एकटाच मालक असे, पण त्याची जोखीम अनेक खातेदारांत वाटलेली होती. शेतकऱ्याची सगळी जोखीम एका पावसावर होती. कर्ज फिटलं नाही की जमीन जायची आणि कालचा मालक दुसऱ्याच्या शेतात सालदार व्हायचा.

भागीदारीनेही हे सुटत नाही. १९३२ च्या कायद्यानुसार पेढीच्या पूर्ण कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. इतकंच काय, १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातही ग्रामीण संस्थेच्या सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादच होती. शेजारी एकमेकांवर लक्ष ठेवतील, हा त्यामागचा हिशोब. रेल्वेच्या भागधारकाला मिळालेलं संरक्षण गावातल्या कर्जदाराला मिळालं नाही.

पुढे प्रवरेच्या वाटेने महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने सातपुडा-तापी परिसर कारखाना आला. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारात शेत दोन एकर असो वा वीस, मत एकच. हे मोठं पाऊल होतं. पण ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन लागते. सालदाराकडे तीच नव्हती.

म्हणून १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी मुळाशी जाणारी होती: मजुरी वाढवा आणि गेलेल्या जमिनी परत द्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा या काळातला आहे.

२००८ मध्ये मर्यादित दायित्व भागीदारी आली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येऊ लागली. भिंत आता एकट्यालाही मिळते. पण तिला नोंदणी लागते, दरवर्षी कागदपत्रं लागतात, आणि कर्ज देताना बँक अनेकदा मालकाची वैयक्तिक हमी मागते. हमीवर सही केली की भिंतीला दार पडतं. म्हणून कुठलाही फॉर्म भरताना मालकीचा प्रकार निवडण्याआधी एवढंच पाहावं: वाईट वर्षी घरापर्यंत काय पोहोचेल?