उंबरठ्यावरचा शिक्षक : दिल्ली आणि अध्यापक-शिक्षण

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोग आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद या दोन्ही संस्थांची कार्यालये दिल्लीत बहादूर शाह जफर मार्गावर होती. एकीकडे विद्यापीठांच्या दर्जाची जबाबदारी, तर दुसरीकडे शिक्षक घडविणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार. रस्ता एकच असला, तरी कायदे दोन, नियमावल्या दोन आणि कुळकथाही दोन. प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण भारतीय विद्यापीठाच्या बाहेर का राहिले, याचे उत्तर या कुळकथांतच शोधावे लागते.

इंग्रजी अमदानीत ही विभागणी पक्की झाली. हायस्कुलात शिकवणारा पदवीधर बी.टी.साठी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात जाई. प्राथमिक शाळेतील मास्तर व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन ट्रेनिंगला जाई. त्याचे मूल जितके लहान, तितके त्याचे शिक्षण कमी, असा हा हिशेब होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण वेतनश्रेणीत तो स्पष्ट वाचता येत असे.

या हिशेबाला पहिला लक्षणीय छेद गेला तो वर्ध्यामुळे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखण्याचे काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. अशा शाळांना शिक्षक कोठून मिळणार, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला आणि १९३८ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात ‘उस्तादों का मदरसा’ सुरू झाला. शासनाच्या मान्यतेवाचून चाललेल्या एका संस्थेने प्राथमिक शिक्षकाला आपल्या घरात घेतले. जामियाला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो पुढे १९८८ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९ डिसेंबर १९४७ रोजी, फाळणीच्या जखमा ओल्या असतानाच, मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने दिल्लीत केंद्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. अनाथनाथ बसू तिचे पहिले प्राचार्य. केवळ प्रमाणपत्रे न वाटता अध्यापनाविषयी संशोधन करणारी संस्था, ही तिच्यामागील कल्पना होती. दिल्ली विद्यापीठाचा आजचा शिक्षणशास्त्र विभाग तिचाच वारसदार आहे.

मात्र देशाची रचना वेगळ्याच दिशेने घडत होती. राज्यघटनेने शिक्षण हा विषय राज्यांकडे ठेवला आणि उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय तेवढा केंद्राकडे दिला. १९५६ च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोग वैधानिक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले चिंतामणराव देशमुख त्याच वर्षी त्याचे अध्यक्ष झाले. पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही होते. आयोगाची तिजोरी विद्यापीठांसाठी होती. तालुक्याच्या गावातील अध्यापक विद्यालय तिच्या कक्षेतच येत नव्हते. हा दोष व्यक्तीचा नव्हे, रचनेचा होता.

तो नेमक्या शब्दांत पकडला कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर भागातून आलेले जे. पी. नाईक. अध्यापक-प्रशिक्षण संस्था विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेल्या आहेत, हे निदान अहवालात आहे. नाईकांचा पिंड कार्यकर्त्याचा होता. प्राथमिक शाळेचा प्रश्न त्यांना केवळ कागदावरून ठाऊक नव्हता. निदानाला हरकत कोणी घेतली नाही. उपचार मात्र विद्यापीठांच्या बाहेरच झाला. १९७३ मध्ये अध्यापक शिक्षण परिषद सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. १९९३ च्या कायद्याने परिषदेला मान्यतेचे अधिकार मिळाले आणि ऑगस्ट १९९५ पासून तिचे काम नव्या स्वरूपात सुरू झाले.

मान्यता देणे म्हणजे दर्जा राखणे नव्हे, हे लवकरच दिसले, आणि दुर्दैवाने महाराष्ट्रातच ठळकपणे दिसले. राज्यातील डी.एड.च्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातून २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २०१२ च्या अहवालात यांपैकी बहुसंख्य संस्था मान्यतेस अपात्र ठरल्या. देशातील सेवापूर्व अध्यापक-शिक्षणाचा सुमारे ९० टक्के भाग बिगरशासकीय संस्थांच्या हाती असल्याचेही आयोगाने नोंदविले. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या ग्रामीण मुलामुलींनी शुल्क भरले, पदविका मिळविल्या. शिकण्याचा अनुभव त्यांना कितपत मिळाला असेल, याची कल्पना त्या अहवालावरून करता येते.

याच काळात दिल्ली विद्यापीठात वेगळा प्रयोग चालू होता. १९९४ मध्ये सुरू झालेल्या चार वर्षांच्या बी.एल.एड. अभ्यासक्रमाने प्राथमिक शिक्षिकेला प्रथमच विद्यापीठाची पूर्ण पदवी देऊ केली. तो मुलींच्या महाविद्यालयांतच चालला, ही त्याची मर्यादा मानावी लागेल. लहान मुलांना शिकविणे हे स्त्रियांचेच काम, या समजाला त्यामुळे नकळत बळ मिळाले. परंतु पहिली-दुसरीच्या वर्गातील भाषा व गणित हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय आहे, हे त्याने सिद्ध केले. वर्मा आयोगाच्या अहवालाने अध्यापक-शिक्षण उच्च शिक्षणात सामावण्याची शिफारस केली, तेव्हा असा नमुना हाताशी होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पदवी ठरविली, तीही बहुविद्याशाखीय संस्थांमध्ये. २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाने बी.एल.एड.च्या जागी हा अभ्यासक्रम आणण्याचा निर्णय घेतला. कोठारी-नाईकांची अपेक्षा अशा रीतीने विद्यापीठाच्या आत पोहोचली. पण ती तेथे आधीपासून रुजलेल्या प्रयोगाच्या जागेवर. म्हणूनच त्या निर्णयाला विरोध करणाऱ्यांत, अध्यापक-शिक्षण विद्यापीठात यावे यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरणारे अध्यापकही होते.