शकुंतलेचं खातं

कॉमर्सवाल्याने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असं आमच्या घरचं मत आहे. पण वऱ्हाडातल्या एका रेल्वेचा इतिहास मुळात हिशेबाचाच असल्यामुळे तो लिहायला बँकेतला कारकूनच बरा.

ही रेल्वे म्हणजे आमची शकुंतला. मधे मूर्तिजापूर, एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, ७६. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने ही लाइन टाकली, ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव इकडचा कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथे मोठ्या गाडीत चढून मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरला. गाडी ओढणारं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं! कापूस त्यांना, इंजिनाचे पैसेही त्यांनाच. आमच्या बाजूला जमा काय? तर धूर.

त्याच धुरातून मी लहानपणी मामाकडे दारव्ह्याला जायचो. तिकीट गार्डच द्यायचा. एकदा गाडी सुटल्यावर एक आजोबा धोतर सावरत धावत आले. गाडी थांबली नाही, थांबायची गरजच नव्हती. आजोबा आरामात चढले आणि वर गार्डवरच डाफरले, "येवढी कायची घाई हाय बाप्पा?"

स्वातंत्र्यानंतर बहुतेक सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहिली. गाडी चालवायची सरकारने, रूळ मात्र कंपनीचे, आणि करारानुसार मोबदला कंपनीला! "अजून इंग्रजांना भाडं जातं" असं लोक रंगवून सांगायचे. खरं म्हणजे किलिक निक्सन पुढे भारतीयांच्याच हाती आली होती. दुष्यंताने विसरावं तसं सरकार हिला विसरलं म्हणा ना. फरक एवढाच, की या गोष्टीतली अंगठी हरवली नव्हती. ती कराराच्या रूपाने कंपनीच्या तिजोरीत शाबूत होती.

कापूस मात्र ट्रकने जाऊ लागला. त्यात नवल नाही. मूर्तिजापूरला गाठी उतरवा, पुन्हा चढवा, ती हमाली कोण सोसणार? आणि परक्याच्या रुळांवर पैसा तरी कोण ओतणार? १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, पण चाल तीच राहिली. मालासाठी काढलेल्या गाडीत उरली ती फक्त माणसं: बाजाराला निघालेल्या बाया, शाळेची पोरं, बसचं तिकीट न परवडणारे मजूर. कंपनीच्या मूळ हिशेबात यांच्यासाठी रकानाच नव्हता.

आता ती छोटी गाडीही बंद आहे. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो. बंद करत नाही. रक्कम खातेदाराचीच राहते, वारसांनी यावं आणि मागावी. शकुंतलेचं खातंही मी निष्क्रियच धरतो. वारस कुठे लांब गेलेले नाहीत. दारव्ह्याच्या बसस्टँडवर उभे आहेत, हातात सुटे पैसे मोजत.